न फुटलेल्या मण्यातली वाइन

रेड वाइन पहिल्यांदा चाखणारा माणूस बहुधा तोंड वाकडं करतो. त्याला कारण टॅनिन. द्राक्षाच्या साली, बिया आणि देठांतून उतरणारं हे द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि जांभूळ खाल्ल्यावर होते तशी जीभ कोरडी पडते. फ्रान्समधल्या बोजोले प्रांताची रेड वाइन मात्र पहिल्याच घोटाला आपलीशी वाटते. काही जाणकार तिला ‘हलकी’ म्हणून बाजूला सारतात. तो मला अन्याय वाटतो, कारण या सौम्यपणामागे जीवरसायनाची फार सुंदर करामत आहे.

ल्यों शहराच्या उत्तरेला, सोन नदीच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर हा प्रांत पसरला आहे. दक्षिणेकडे चिकणमाती आणि चुनखडी, तर उत्तरेकडे ग्रॅनाइट झिजून तयार झालेली भुरभुरीत, निकस जमीन. या भूरचनेमुळेच 2018 साली बोजोलेला युनेस्कोच्या जागतिक जिओपार्कचा दर्जा मिळाला. इथलं लाल द्राक्ष म्हणजे गामे. सुपीक मातीत गामेची वेल घडांनी लगडते, पण रस पातळ होतो. ग्रॅनाइटवर तिचं पीक आपोआप आटोक्यात राहतं आणि रसाला दाटपणा येतो.

या द्राक्षाच्या वाट्याला अवहेलनाही आली. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामेला दगाबाज ठरवून तिच्या वेली उपटून टाकण्याचा हुकूम काढला. त्याला हवं होतं खानदानी पिनो न्वार. सहा शतकांनी, 1999 मध्ये, डीएनए तपासणीतून कळलं की पिनो हेच गामेच्या जन्मदात्यांपैकी एक आहे. दुसरं ग्वे ब्लाँ नावाचं, सामान्य मानलं गेलेलं पांढरं द्राक्ष. शार्दने हे आज जगभर मान मिळवणारं द्राक्षही याच जोडीचं.

आता टाकीत डोकावू. एरवी रेड वाइनसाठी मणी देठापासून सोडवून चिरडतात. बोजोलेत अख्खे घड टाकीत भरले जातात, म्हणून तोडणीही बहुतांशी हातानेच होते. वरच्या वजनाने तळाचे मणी फुटतात, त्यांच्या रसात यीस्ट कामाला लागतं आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकी भरून टाकतो. वरचे मणी अजून शाबूत आहेत, जिवंत आहेत, पण त्यांना ऑक्सिजन मिळत नाही. मग त्यांच्या पेशी स्वतःचीच विकरं वापरून साखरेचं अल्कोहोल करू लागतात. हे काम यीस्टशिवाय चालतं! सालीतला रंग आत झिरपतो. असा मणी मधोमध कापला तर गर गुलाबी झालेला दिसतो. आंबट मॅलिक आम्लाचा बराच भाग खर्ची पडतो आणि फळांचे, फुलांचे गंध देणारी संयुगं तयार होतात. अल्कोहोल साधारण 2 टक्क्यांवर पोचलं की पेशी मरतात, मणी मऊ पडून रस सोडतो. मग घड दाबून रस काढतात आणि उरलेल्या साखरेचा समाचार यीस्ट घेतं. साली आणि बिया फारशा रगडल्याच न गेल्याने टॅनिन कमी उतरतं.

ऑक्सिजनविना ठेवलेली फळं वेगळी वागतात हे लुई पाश्चरने 1872 मध्येच टिपलं होतं. 1930 च्या दशकात मिशेल फ्लांझी या फ्रेंच संशोधकाने त्यावरून वाइनची रीतसर पद्धत बसवली, आणि पुढे बोजोलेच्याच ज्यूल शोव्हे या रसायनज्ञाने तिचा बारकाईने अभ्यास केला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जगभर पोचणारी ‘बोजोले नुव्हो’ ही काही आठवड्यांपूर्वीच तोडलेल्या द्राक्षांची घाईची वाइन. तिच्यात कधी कधी केळ्याचा वास येतो, तो आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा. उत्सवापुरती ती ठीक आहे, पण तिच्यावरून साऱ्या प्रांताची पारख करू नये. बोजोलेचं खरं वैभव उत्तरेकडच्या दहा नामांकित क्षेत्रांत आहे. फ्लरीची वाइन फुलांच्या गंधाची, तर मॉर्गों आणि मुलाँ-आ-व्हाँच्या चांगल्या बाटल्या दहा वर्षंही सहज टिकतात.

वाइन घेणाऱ्यांनी ही रेड वाइन खोलीच्या तापमानाला पिऊ नये. आपल्याकडच्या उकाड्यात अल्कोहोलचा भपकाच पुढे येतो आणि फळांचा गंध मागे पडतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवून गार करा, 13-14 अंश सेल्सिअस पुरे. आणि दुकानात शोधताना एक ध्यानात असू द्या: या दहा क्षेत्रांच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत बहुधा क्षेत्राचंच नाव असतं, बोजोलेचं नव्हे.