भूल उतरली, भान कधी येणार?

समजा, गंगाखेडच्या एका आजोबांच्या कमरेच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर येताच त्यांनी आपले नाव सांगितले, पायांची बोटे हलवली. रात्री मात्र ते सलाईनची नळी ओढू लागले, "बैल सोडा" म्हणू लागले, सुनेलाही ओळखेनात. घरच्यांना वाटते, वेड लागले! हे वेड नव्हे. हा भ्रम, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. बहुधा तो काही दिवसांत ओसरतो. काहींची स्मरणशक्ती मात्र पुढे काही आठवडे मंद राहते.

मग दोष भुलीचा का? परभणी निजामाच्या राज्यात होती त्या काळी, १८८९ साली, हैदराबादला निजामाच्या खर्चाने क्लोरोफॉर्मचे प्रयोग शेकडो प्राण्यांवर झाले. प्रश्न एवढाच होता, की या औषधाने आधी श्वास थांबतो की हृदय? रोगी टेबलावरून जिवंत उठला म्हणजे मिळवली, असा तो काळ. मनाची विचारपूस फार पुढे सुरू झाली. खुब्याचे हाड मोडलेल्या, पन्नाशीपुढील १६०० रुग्णांवरचा एक अभ्यास २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण भूल दिली, काहींचा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. भ्रम दोन्हीकडे सारखाच, शंभरात सुमारे २० जणांना! म्हणजे एकट्या भुलीला धरून चालणार नाही.

तुमच्या शेताच्या बांधावरचा धोत्रा आठवा. त्याचे बी पोटात गेले की माणूस बरळतो, कारण त्यातील ॲट्रोपिनसारखी द्रव्ये मेंदूतील ॲसिटिलकोलिन या निरोप्याची वाट अडवतात. लक्ष आणि स्मरण याच निरोप्यावर चालतात. म्हातारपणी त्याचा साठा आधीच घटलेला असतो. त्यात सर्दीच्या व झोपेच्या काही गोळ्या, मोठ्या जखमेचा दाह, वेदना आणि जागरण यांची भर पडते.

म्हणून आजोबा रोज कोणत्या गोळ्या घेतात, दारू-तंबाखू किती, हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. शस्त्रक्रियेनंतर चष्मा आणि कानाचे यंत्र लगेच परत द्यावे. खाटेसमोर घड्याळ टांगावे, दिवसा त्यांच्याशी बोलावे, रात्री दिवा मंद करावा. हे काम नातवंडांनाही जमते. आणि भ्रम दिसताच परिचारिकेला सांगावे; कधी त्यामागे तुंबलेली लघवी, कमी पडलेला प्राणवायू किंवा जंतुसंसर्ग असतो, आणि त्यावर तातडीने इलाज करावा लागतो.