गंजलेला नट आणि ब्रेकची नळी

हिवाळी अधिवेशन आले की आमच्या नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर पांढऱ्या ॲम्बेसेडरांच्या रांगा लागत. आता त्या दिसत नाहीत. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बेसेडर निघणे २०१४ साली थांबले, कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी त्याच्याही आधी बंद झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होऊ लागली. तरीही महालात, मोमिनपुऱ्यात, धरमपेठेत एखाद्या जुन्या घराच्या आवारात अशी गाडी ताडपत्रीखाली उभी असतेच. माझ्याकडे वडिलांच्या वेळची पद्मिनी आहे. अशा गाड्यांचे मालक इंजिनाबद्दल भरभरून बोलतात, हॉर्नच्या आवाजाबद्दलही बोलतात. ब्रेकच्या नळीबद्दल कुणी बोलत नाही. मला आज तिच्याविषयी आणि तिच्या टोकाला जाम होऊन बसणाऱ्या नटाविषयी बोलायचे आहे.

आपण पायाने ब्रेकचे पेडल दाबतो तेव्हा चाकापर्यंत जाते ते आपले बळ नव्हे, दाब जातो. बंद भांड्यातल्या द्रवाला एका जागी दाबले की तो दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. मास्टर सिलिंडरमधून निघालेला हा दाब पोलादी नळ्यांतून चार चाकांकडे जातो. नळीची बाहेरची जाडी जेमतेम पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे शाळकरी मुलाच्या पेन्सिलीपेक्षाही बारीक. जुन्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडर गाड्यांत या चारही चाकांची व्यवस्था एकच असे. नंतरच्या गाड्यांत ती दोन भागांत वाटली गेली, म्हणजे एक भाग निकामी झाला तरी दुसरा उरतो. जुन्या गाडीत ही सोय नाही. कुठल्याही एका चाकाजवळ नळी फुटली की तेल तिथून निघून जाते, पेडल तळाला टेकते आणि चारही चाके मोकळी. उरतो तो फक्त हातब्रेक.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसू लागली. एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी साधा, दोन्ही टोकांना उघडा पाना लावला, नटाचे कोपरे गोल केले आणि नट काही निघेना म्हणून नळीच अलीकडे ठोकून चपटी करून बंद केली. गाडी परत देताना सांगितले, आता गळत नाही. खरेच गळत नव्हते. पण ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढत होती, कारण मागचे डावे चाक आता ब्रेक लावतच नव्हते. ओल्या रस्त्यावर अशी गाडी गर्रकन फिरते. असा ‘एक चाक बंद’ केलेला जुगाड आपल्याकडे टॅक्सी-ट्रकवाले सर्रास करतात आणि वर त्याचे कौतुकही होते. मला त्यात कौतुकाचे काही दिसत नाही.

गाडी मग मोमिनपुऱ्यातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचा गाडीखाली वाकून बघून म्हणाले, “भैया, कल आना. आज सिर्फ तेल पिलाएंगे.”

नट इतका का धरतो, ते सांगायला हवे. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो. नटाच्या आट्यांमध्ये मुळातच केसभर फट असते. पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल तिथे बसतो, उन्हाळ्यात वाळतो, पुन्हा भिजतो, आणि ती फट गंजाने भरून येते. ब्रेकच्या तेलाचाही हातभार असतोच. हे तेल रंग खाते. थोडे जरी झिरपले तरी नटावरचा रंग सुटतो आणि उघडे पोलाद हवेला मिळते. (मराठीत आपण गंज म्हणतो, आमच्या घरी बोलताना तो जंग होतो. फारसीत गंज म्हणजे खजिना, मराठीत जंग म्हणजे लढाई, आणि इथल्या विदर्भातल्या स्वयंपाकघरात गंज म्हणजे भाजी शिजवायचे पातेले. एवढ्याशा अक्षरांनी किती घरे बदलली! असो.)

पण खरी मेख वेगळीच आहे, आणि ती अनेक कारागिरांनाही उमगत नाही. हा नट एका जागी नव्हे, दोन जागी अडकतो. एक, बाहेरच्या आट्यांमध्ये. दुसरे, ज्या नळीवर तो ओवलेला असतो त्या नळीवरच. एरवी नट नळीभोवती सुटा फिरतो. गंजल्यावर नट आणि नळी एकजीव होतात. मग पाना फिरवला की नट फिरतो खरा, पण नळीला सोबत घेऊन फिरतो, आणि ती पिळलेल्या ओल्या फडक्यासारखी मुरगळते. तशी मुरगळलेली नळी त्या दिवशी फुटेलच असे नाही. ती सहा महिन्यांनी, चिखलदऱ्याच्या घाटातही फुटू शकते. म्हणून नट फिरू लागला की आधी नळीकडे बघायचे, नटाकडे नाही.

चाचांनी आधी तारेच्या ब्रशाने सांधा घासून काढला. गंज सोडवणारे पातळ तेल टाकले, आणि नटाच्या बाजूंवर छोट्या हातोडीने हलके ठोके दिले. जोर लावायला नव्हे. त्या ठोक्यांनी गंजाचे बारीक कण हलतात आणि तेल आत शिरते. संध्याकाळी पुन्हा तेल, रात्रभर विसावा. बाजारातले तयार तेल नसेल तर डिझेल वा रॉकेल चालते, फक्त वेळ जास्त लागतो.

दुसऱ्या दिवशी पाना. त्याचे महत्त्व हातापेक्षा मोठे आहे. ब्रेकच्या नटासाठी खास पाना मिळतो. तो रिंगसारखाच असतो, पण नळी आत सरकावी म्हणून त्याला एका बाजूने खाच असते. तो नट सगळीकडून धरतो. साधा उघडा पाना फक्त दोन बाजू धरतो आणि कोपरे खातो. मापही नेमके हवे. पद्मिनी मूळची इटालियन घराण्यातली, तिचे नट मिलिमीटरचे. ॲम्बेसेडरचे घराणे इंग्रजी, तिचे नट इंची. सात सोळांश इंच म्हणजे ११.१ मिलिमीटर. त्यावर अकराचा पाना अडतो, बाराचा सैल बसतो, आणि घाईत असलेला माणूस बाराचाच उचलतो.

नट साबूत असेल तर आधी तो किंचित आवळायचा, मग सोडायचा. पुन्हा थोडा आवळायचा, पुन्हा सोडायचा. गंज चुरा होऊन बाहेर पडतो. आच देऊन नट सोडवणारेही आहेत. ज्वाला नळीत तेल असताना, शेजारी रबरी होज असताना लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. ते मी कुणालाच सुचवणार नाही.

माझ्या गाडीत मात्र कोपरे आधीच गेले होते आणि नळी चपटी झालेली होती. चाचांनी मग नळी नटाच्या अगदी जवळ कापली. नळी बदलायचीच आहे, तर तिचा मोह कशाला? नळी गेल्यावर नटावर सहा कोनांचा सॉकेट थेट बसवता आला, ठोकून घट्ट बसवला, आणि दोन हिसक्यांत नट सुटला. त्याच्या मागचा व्हील सिलिंडर आणि त्यातले आटे वाचले. नळी स्वस्त आहे, सिलिंडर आता सहज मिळत नाही. कशाचा बळी द्यायचा हे आधी ठरवणे, हीच यातली निम्मी कारागिरी.

नवी नळी तयार करताना पहिला नियम: टोक फुलवण्याआधी नट नळीत ओवून घ्यायचा. चाचांकडच्या पोराला यावरून टपली बसताना मी पाहिली आहे. टोक फुलवायचे ते दुहेरी, म्हणजे कड बाहेर उलगडून पुन्हा आत दुमडलेली. पोलादी नळी एकपदरी फुलवली तर कडेला चीर जाते. फ्रिजची तांब्याची नळी काही जण लावतात, कारण ती हाताने वाकते. पण तांबे सततच्या कंपनाने कडक होत जाते आणि तडकते. ब्रेकसाठी पोलाद, किंवा निकेल मिसळलेली तांब्याची खास नळी, हीच योग्य. नट आवळताना बेताने. अती आवळला तर फुलवलेले टोकच चिरडते.

शेवटी तेल आणि हवा. तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेलेच, बहुधा डॉट ३ वा डॉट ४. इंजिन ऑइलचा थेंबही नको, त्याने रबर फुगते. उघडा पडून राहिलेला जुना डबाही नको, कारण हे तेल हवेतले पाणी पिते. ताजे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दबते, आणि उतारावर पेडल स्पंजासारखे मऊ लागते. मग एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने चाकाजवळचे निपल उघडून-बंद करून हवा काढायची. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून बहुतेक वेळा मागचे डावे आधी. बुडबुडे थांबेपर्यंत.

सगळे झाल्यावर चाचांनी सांधा फडक्याने कोरडा पुसला, खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि मला पेडल जोरात दाबून धरायला लावले. अर्धा मिनिट. कागदावर डाग नव्हता. मग त्यांनी गाडी आवारातच, हात हातब्रेकवर ठेवून, दहा-बारा वेळा थांबवून पाहिली आणि त्यानंतरच किल्ली माझ्या हातात दिली.