गुंजवणे ते दुबई: नकाशातलं अंतर आणि घड्याळातले तास

पुणे-दुबई विमानाचं तिकीट हातात आलं की पहिला गोंधळ वेळेचा होतो. समजा, सकाळी ६ ला पुण्याहून सुटलेलं विमान पावणेआठला दुबईत उतरलं. येताना तिथून १० ला निघालेलं विमान इथे पोहोचायला दुपारचे पावणेतीन. मग जाताना पावणेदोन तास आणि येताना पावणेपाच? तसं नाही. तिकिटावर प्रत्येक शहराची स्थानिक वेळ छापतात आणि दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. प्रवास दोन्ही वेळा साधारण सव्वातीन तासांचाच.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचतं, असंही शिकलेली माणसं छातीठोकपणे सांगतात. पुण्याच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगाने सरकते हे खरं, पण हवाही तिच्यासोबत फिरते. धावत्या एसटीत वर उडवलेला चेंडू आपल्याच हातात पडतो, तसंच हे. फरक पाडतो तो वारा. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा जोरदार वारा असतो, तो दुबईहून येणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटतो आणि जाणाऱ्याला अडवतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर उंचावरचा वारा उलटा, पूर्वेकडून वाहतो.

पुणे ते दुबई सरळ अंतर सुमारे २०५० किलोमीटर. विमान अगदी त्याच रेषेवरून जात नाही. ठरलेले हवाई मार्ग, ढग टाळणं, उतरण्यासाठी रांग, यात थोडं अंतर वाढतंच.

अंतरावरून वेळ ठरवू नये, हे राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. राजगड ते तोरणा सरळ रेषेत सातेक किलोमीटर. पण राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून, डोंगरधारेने तोरण्याच्या बुधला माचीवर चढेपर्यंत धडधाकट माणसाचाही दिवस जातो.

खरी फसगत होते ती ‘दुबई तीन तासांवर’ या बोलण्याने. राजगडापासून पुण्याचा लोहगाव विमानतळ सरळ रेषेत ४५ किलोमीटर. रस्ता मात्र साखर, मार्गासनी, नसरापूर करत महामार्गाला लागतो आणि पुढे अख्खं पुणे आडवं येतं. दिवसा अडीच-तीन तास सहज जातात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचायला सांगतात आणि विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी चेक-इन काउंटर बंद होतो. त्यानंतर पोहोचलेल्याला विमान समोर उभं असूनही घेत नाहीत.

म्हणून ६ च्या विमानासाठी गुंजवण्यातून मध्यरात्रीच निघा. त्या वेळी एसटीचा भरवसा नाही, गाडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. दुबईत उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांत आणखी तासभर धरा. घरचा उंबरा ओलांडल्यापासून दहा-साडेदहा तास होतात, त्यातले हवेतले जेमतेम तीन.