जुन्या मोटारीचें पॉवर स्टिअरिंग

नोंदणीचीं पहिलीं १५ वर्षें पुरीं झालीं, आर. टी. ओ. कडून तपासणी करवून घेऊन आणखी ५ वर्षांची मुदत मिळविली, आणि गाडी पुन्हां दारांत उभी राहिली, अशीं कुटुंबें आतां आपल्यांत पुष्कळ आहेत. आजोबांना दवाखान्यांत न्यावयाचें, लेकीला माहेरपणासाठीं आणावयाचें, गणपतीला कोंकणांत उतरावयाचें, हीं सर्व कामें ती मोटार इमानानें करीत असते. मग एके दिवशीं घरांतील कोणीतरी म्हणतें, "हल्लीं स्टिअरिंग जरा जड लागतें बुवा." दुसरा उत्तर देतो, "जुनी झाली आहे, चालायचेंच." हें 'चालायचेंच' आम्हांस मान्य नाहीं. घरांतील तरण्याताठ्या मुलाला जो जडपणा जाणवतहि नाहीं, तोच साठी उलटलेल्या वडिलांना किंवा खांदा दुखावलेल्या सुनेला घाटाच्या वळणावर पुरेसा घातक ठरूं शकतो. एकत्र कुटुंबांत गाडी एक व चालविणारे चार. म्हणून गाडीची पारख चौघांपैकीं सर्वांत दुबळ्या हातावरून केली पाहिजे.

हातांच्या मदतीस इंजिनाची शक्ति जोडण्याची ही युक्ति तशी बरीच जुनी आहे. फ्रान्सिस डेव्हिस नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें तेलाच्या दाबावर चालणारें असें स्टिअरिंग १९२६ सालीं मोटारीवर बसवून दाखविलें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत जड लष्करी वाहनांवर त्याचा उपयोग झाला, आणि १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल मोटारीबरोबर तें प्रथम सामान्य गिऱ्हाइकाच्या हातीं आलें. १९८८ सालीं जपानांतील सुझुकीच्या सर्व्हो या लहान गाडींत तेलाऐवजीं विजेच्या मोटरनें तेंच काम होऊं लागलें, व आज नव्या गाड्यांत बहुधा हा विजेचाच प्रकार आढळतो. आमचें आजचें विवेचन तेलाच्या प्रकाराविषयीं आहे. आपली गाडी कोणत्या जातीची हें ओळखणें सोपें आहे. बॉनेट उघडून पाहावें; इंजिनाच्या जवळपास स्टिअरिंगच्या चक्राचें चित्र किंवा तशीं अक्षरें असलेल्या झांकणाची लहानशी तेलाची डबी दिसली, तर ती तेलाची. डबीच नसेल तर काम विजेचें समजावें. त्याची दुरुस्ती हा तारांचा व यंत्रानें तपासण्याचा विषय आहे.

डबींतील तेल एका नळीनें पंपाकडे जातें. हा पंप इंजिनावरील पट्ट्यानें, म्हणजे बेल्टनें, फिरतो. पंपांतून जोरानें निघालेलें तेल जाड, दणकट नळीनें स्टिअरिंगच्या रॅककडे येतें. आपल्या हातांतील चक्र व खालचा रॅक यांच्यामध्यें पोलादाची एक बारीक कांब असते. चक्र फिरवतांच ती अगदीं थोडी पिळली जाते. त्या पिळण्यानें एक झडप उघडते, आणि ज्या बाजूला वळावयाचें त्या बाजूची मदत करण्यास तेल सोडलें जातें. चक्र सोडलें कीं कांब सरळ होते, झडप मिटते, तेल डबींत परत. हातानें जरासा इशारा करावा आणि बाकीची मेहनत तेलानें उचलावी, अशी ही सुंदर योजना आहे. महत्त्वाची गोष्ट ही कीं, तेल संपलें किंवा पट्टा तुटला तरी चक्राचा व चाकांचा लोखंडी संबंध तुटत नाहीं. गाडी वळते, मात्र जड वळते. हें ठाऊक असलेला मनुष्य ऐन वळणावर गांगरत नाहीं, दोन्ही हातांनीं जोर लावून गाडी कडेला घेतो.

बॉनेट उघडण्यापूर्वीं टायरांकडे पाहावें. पुढच्या टायरांत हवा कमी असेल तर निरोगी स्टिअरिंगसुद्धां जड लागतें, आणि या फुकटच्या कारणासाठीं लोक पंपाचे पैसे मोजतात. हवा ठीक असेल तर दुसरी परीक्षा. सपाट जागीं गाडी उभी करावी, किल्ली फिरवून स्टिअरिंगचें कुलूप मोकळें करावें, पण इंजिन लावूं नये. चक्राला एका बाजूस बऱ्यापैकीं जोर देऊन धरावें व मग इंजिन सुरू करावें. मदत मिळत असेल तर इंजिन लागतांक्षणीं चक्र हाताखालीं अलगद सरकतें. तें जागचें हललें नाहीं तर मदत येत नाहीं, एवढें नक्की.

पण मदत पुरी असून चाकेंच अडत असलीं तर? त्यासाठीं जॅकनें पुढचा भाग उचलून खालीं भक्कम स्टँड द्यावेत आणि इंजिन बंद ठेवून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावें. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालणें हा शुद्ध अविचार होय. चक्र सारखें, संथ फिरलें तर सांगाडा ठीक आहे. मध्येंच अडकून सुटत असेल तर स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा गंजला असण्याचा संभव फार. वळण संपल्यावर चक्र आपण होऊन सरळ होत नसेल, तर चाकांजवळचे बॉल जॉइंट सुकले आहेत काय तें पाहावें. कोंकणपट्टींतील दमट व खारट हवेंत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे विकार लवकर जडतात. येथें तेल कितीहि ओतलें तरी व्यर्थ.

आतां तेल. बहुतेक गाड्यांत तें प्रथम तांबडें किंवा फिकट पिवळें व पारदर्शक असतें. पांढऱ्या कागदावर एक थेंब टिपून पाहावा. काळपट, जळकट वासाचें तेल म्हणजे तें पुष्कळ दिवस शिजलें आहे. कागदावर चकाकते कण राहिले तर पंप आंतून झिजत आहे. आणि डबींत फेंस दिसला तर नळ्यांत हवा शिरली आहे. डबीवर थंड व गरम अशा दोन खुणा असतात, त्यांपैकीं योग्य खुणेपर्यंतच तेल भरावें. कोणतें तेल, हें झांकणावर किंवा गाडीच्या पुस्तकांत छापलेलें असतें व तें वाचण्याचा आळस करूं नये. कांहीं गाड्यांना गिअरबॉक्सचें ए. टी. एफ. तेल चालतें, कांहींना, विशेषतः होंडाच्या गाड्यांना, त्यांचें स्वतंत्र तेलच लागतें. ब्रेकचें तेल मात्र चुकूनहि घालूं नये. त्यानें आंतील रबरी सील फुगतात, मऊ पडतात, आणि शंभर रुपयांच्या बचतीपायीं सबंध रॅक उतरवावा लागतो.

आवाजावरूनहि पुष्कळ कळतें. जागच्या जागीं वळवतांना कर्कश किंचाळी ऐकूं आली तर पट्टा सैल किंवा गुळगुळीत झाला आहे. तो ताणून किंवा बदलून भागतें. पुष्कळ गाड्यांत हाच पट्टा बॅटरी भरणारा आल्टर्नेटर फिरवितो, कांहींत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपहि त्यावरच असतो. म्हणून चालत्या गाडींत स्टिअरिंग एकाएकीं जड झालें आणि त्याच वेळीं बॅटरीचा तांबडा दिवा लागला, तर पट्टा तुटला असें समजून गाडी तत्काळ कडेला उभी करावी. 'पुढच्या गांवीं पाहूं' म्हणणाऱ्यांचें इंजिन पुढच्या गांवापर्यंत तापून निकामी होतें.

किंचाळीऐवजीं कण्हल्यासारखा, चक्राबरोबर चढणारा घुमता आवाज असेल तर तेल कमी आहे किंवा त्यांत हवा मिसळली आहे. या कण्हण्यावरून पंपाला फांशी देण्याची गॅरेजांत फार घाई होते. आमच्या नात्यांतील एका निवृत्त शिक्षकांच्या गाडीची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. शहरांतील एका मोठ्या गॅरेजानें त्यांना पंप व रॅक दोन्ही बदलण्याचा अंदाज दिला. रक्कम गाडीच्या विक्रीच्या किंमतीच्या निम्म्याच्या घरांत जात होती. नातवाच्या प्रवेशाची फी त्याच महिन्यांत भरावयाची होती. गाडी भंगारांत द्यावी अशी घरांत भाषा सुरू झाली, आणि आठवड्यांतून दोनदां डायलिसिसला जाणाऱ्या त्यांच्या पत्नीनें "रिक्षानें जाईन मी" असेंहि सांगून टाकलें. सुदैवानें त्यांनीं दुसरें मत घेतलें. एका गल्लींतील वयस्क मेस्त्रीनें प्रथम विचारलें, "मास्तर, खालीं तेल सांडतंय का?" सांडत नव्हतें. डबींतील पातळीहि कमी होत नव्हती, तरी फेंस मात्र होता. मेस्त्रीनें डबीपासून पंपाकडे जाणारी नळी सोडविली व तिच्या तोंडाशीं असलेली रबराची बारीक कडी नखानें काढून दाखविली. ती पापडासारखी कडक झाली होती. पंप तेल ओढतांना तेथून तेल बाहेर न येतां हवा आंत शिरत होती. नवी कडी, नवें तेल व दोन तासांची मजुरी, एवढ्यांत काम झालें. पंप तोच, रॅकहि तोच. डायलिसिसच्या फेऱ्या पुन्हां त्याच गाडीनें होऊं लागल्या.

प्रत्येक वेळीं इतकें स्वस्तांत सुटेल असें मात्र नव्हे. पातळी कमी होत असेल तर गळती शोधलीच पाहिजे. नुसतें तेल भरीत राहणें म्हणजे फुटक्या घागरीनें पाणी भरणें. प्रथम जाड नळीचे जोड पाहावेत. रबर व लोखंड जेथें दाबून एकत्र केलेलें असतें तेथेंच ती बहुधा पाझरते. मग पंपाच्या पुलीमागील सील. शेवटीं रॅकच्या दोन्ही टोकांचीं रबरी घडीचीं टोपणें, ज्यांना मेस्त्री लोक बूट म्हणतात, तीं दाबून पाहावींत. त्यांतून तेल निघालें तर रॅकचे सील गेले यांत शंका नाहीं. जाड नळीची गळती विशेष धोक्याची. पूर्ण वळणावर तींतील दाब ७० बारच्या पुढें जातो, आणि तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर उडालेलें तेल पेटूं शकतें. अशा नळीवर चिकटपट्टी किंवा साधी पाण्याची नळी लावून देणारा मेस्त्री दारांत उभा करूं नये.

दोन लक्षणें राहिलीं. इंजिन मंद असतांना स्टिअरिंग जड व वेग दिल्यावर हलकें, असें असून तेल, पट्टा व हवा हीं ठीक असतील, तर पंप थकला आहे. एकाच बाजूला जड व दुसरीकडे हलकें, असें असेल तर दोष रॅकच्या झडपेंत किंवा आंतील सीलांत. पंप दोन्ही बाजूंना सारखीच मदत पाठवितो, हें लक्षांत ठेवलें म्हणजे कोणी येथें आपल्याला पंप विकूं शकत नाहीं. ज्याच्याजवळ दाब मोजण्याचें घड्याळ आहे तो मेस्त्री हें निश्चित सांगूं शकतो, आणि मोठा खर्च करण्यापूर्वीं तें लावून पाहण्याचा आग्रह अवश्य धरावा.

तेल बदलून हवा काढण्याचें काम मात्र घरींहि करतां येतें, व दोघां भावांनीं किंवा बाप-लेकीनें मिळून करण्यासारखें तें आहे. परतीची नळी सोडवून जुनें तेल बाटलींत काढावें व तिचें तोंड पुन्हां जोडून डबी नव्या तेलानें भरावी. कांहीं डब्यांच्या तळाशीं बारीक जाळी असते. ती काजळीनें बुजलेली असेल तर डबीच बदलावी. मग गाडीचीं पुढचीं चाकें स्टँडवर उचलून, इंजिन बंदच ठेवून, एकानें चक्र सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५–२० वेळां फिरवावें. दुसऱ्यानें डबीवर नजर ठेवून पातळी उतरेल तसें तेल घालीत जावें. बुडबुडे येईनासे झाले म्हणजे इंजिन लावून तेंच पुन्हां करावें. मात्र टोकाला ५ सेकंदांहून अधिक वेळ चक्र दाबून धरूं नये, कारण त्या वेळीं पंप आपली सारी शक्ति बंद दारावर खर्च करीत असतो. फेंस आला तर तासभर गाडी स्वस्थ ठेवावी. घाईनें हवा निघत नाहीं. काढलेलें तेल गटारांत न ओततां गॅरेजांत द्यावें.

रॅक खरोखरच गेला असेल तर तीन वाटा आहेत. नवा घ्यावा, जुना सील बदलून नीट करावा, किंवा मोडींतला दुसरा आणावा. मोडींतल्या रॅकविषयीं आमचें मत अनुकूल नाहीं. त्याचें पूर्वायुष्य कोणालाच ठाऊक नसतें. आंतील दांडा गुळगुळीत असेल तर सील बदलून तोच रॅक वर्षानुवर्षें चालतो. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सीलहि थोड्याच दिवसांत फाटतात, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीं दांडा आपल्या डोळ्यांनीं पाहावा. पंप बदलला तर जुन्या नळ्या व डबी धुऊन घेतल्याखेरीज नवा बसवूं देऊं नये, नाहींतर जुन्याच्या झिजेचे लोखंडी कण नव्याच्या पोटांत जातात. रॅक किंवा टाय-रॉड उघडला असेल तर शेवटीं चाकांचें अलाइनमेंट करून घ्यावें. बदललेले भाग मागून घ्यावेत. प्रामाणिक मेस्त्रीला त्याचा राग येत नाहीं.

गाडी घरीं आल्यावर तीन-चार दिवस रात्रीं तिच्या पुढच्या भागाखालीं एक जुना पुठ्ठा पसरून ठेवावा, आणि सकाळीं तो उचलून पाहण्याचें काम घरांतल्या एका मुलाकडे द्यावें. पुठ्ठा कोरडा निघाला व डबींतील पातळी खुणेवर राहिली, कीं मग गाडी घाटांत न्यावयास हरकत नाहीं.