केमसेक्स : नशा दिसते, त्यामागची लाज दिसत नाही

अंमली पदार्थ घेऊन शरीरसंबंध ठेवण्याला ‘केमसेक्स’ म्हणतात. हा शब्द लंडनमध्ये रूढ झाला आणि तो प्रामुख्याने समलिंगी पुरुषांमधल्या एका विशिष्ट प्रकाराबद्दल वापरला जातो. दारू पिऊन किंवा गांजा ओढून ठेवलेले संबंध त्यात सहसा धरत नाहीत. त्यात मुख्यतः तीन पदार्थ येतात : क्रिस्टल मेथ, मेफेड्रोन आणि जीएचबी (किंवा त्याच्याच जातकुळीतले जीबीएल). यातले मेफेड्रोन आपल्याला अनोळखी नाही. मुंबई-पुण्यातल्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ या नावाने येते ते हेच. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आणले गेले.

हा विषय निघाला की चळवळीतल्या मुलांमध्येसुद्धा एक तर हशा पिकतो, नाही तर ‘ही श्रीमंतांची थेरं’ म्हणून तो झटकून टाकला जातो. आम्हाला हे दोन्ही घातक वाटते. समलिंगी तरुण आपल्या वस्त्यांत आहेत, वसतिगृहांत आहेत, आपल्या संघटनांतही आहेत. त्यांच्यापैकी कोणी यात अडकला, तर तो आधी आपल्या प्रतिक्रियेचा अंदाज घेईल आणि मगच तोंड उघडेल. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. आमच्या मते तो आधी मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे.

हे पदार्थ मनाचे काय करतात?

मेथ आणि मेफेड्रोन हे उत्तेजक पदार्थ आहेत. मेंदूतले डोपामिन एकदम वाढते. भूक आणि झोप मरते, आत्मविश्वास आणि कामवासना वाढते. माणूस सलग दोन-दोन दिवस जागा राहतो. जीएचबी याच्या उलट, गुंगी आणणारे आहे. त्याने भीड चेपते. पण हवी तेवढी धुंदी आणि पूर्ण बेशुद्धी यांच्यातले अंतर त्यात फार थोडे असते. त्यावर दारू प्यायली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो.

खरा त्रास नशा उतरल्यावर सुरू होतो. शनिवार-रविवार पार्टीत गेलेल्या माणसाला मंगळवार-बुधवारी गडद उदासी घेरते. चिडचिड होते, रडू येते, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. मेथमुळे संशय आणि भास होऊ शकतात. पोलीस पाळतीवर आहेत, मित्र चोरून चित्रीकरण करत आहेत, असे पक्के वाटू लागते. बऱ्याच जणांत नशा थांबल्यावर आणि झोप मिळाल्यावर हे ओसरते, काहींमध्ये मात्र लांबते. जीएचबी रोज घेणाऱ्याने ते एकदम बंद केले तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकते. म्हणून ते रुग्णालयाच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. एचआयव्हीच्या काही औषधांमुळे, विशेषतः ज्यांत रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असते, या पदार्थांची रक्तातली पातळी वाढते. डॉक्टरांपासून नशा लपवली तर हा धोका कोणाच्या लक्षातच येत नाही.

काही महिन्यांनी आणखी एक गोष्ट घडते, जिच्याबद्दल क्वचितच कोणी बोलतो. नशेशिवाय कोणाच्या जवळ जाणेच अवघड होऊन बसते. जवळीक सोपी व्हावी म्हणून नशा घेतली, आता जवळीकच नशेकडे गहाण पडते.

मग घेतात कशासाठी?

दक्षिण लंडनमधल्या लॅम्बेथ, साउथवार्क आणि लुइशम या भागांच्या स्थानिक प्रशासनाने यावर अभ्यास करवून घेतला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी केमसेक्सचा अनुभव असलेल्या ३० समलिंगी पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. सुख हे कारण तर होतेच. पण त्याखाली वेगळे थर होते. आपल्या शरीराबद्दलची लाज, आपण कोणाला आवडणार नाही ही भीती, एचआयव्हीची धास्ती, आणि दुसऱ्याच्या जवळ असल्याची भूक. नशेत हे सगळे काही तास गप्प बसायचे.

अमेरिकेतले संशोधक इलान मेयर यांनी २००३ साली याला पद्धतशीर मांडणी दिली. तिला ‘अल्पसंख्याकांचा ताण’ म्हणतात. ज्या गटाला समाज हीन ठरवतो, त्याच्या मनावर नेहमीच्या ताणांवर आणखी एक ओझे असते. प्रत्यक्ष भेदभाव हा त्याचा एक भाग. भेदभाव होईल म्हणून सतत सावध राहणे हा दुसरा. स्वतःची ओळख लपवणे हा तिसरा. आणि समाजाने दिलेली घृणा स्वतःच खरी मानू लागणे हा चौथा. आडनाव विचारल्यावर क्षणभर थबकणाऱ्या आपल्या तरुणांना ही यादी समजावून सांगावी लागणार नाही. समलिंगी तरुणाच्या बाबतीत फरक एवढाच की, जातीचा अपमान झाला तर तो घरी येऊन आईला सांगू शकतो. हा अपमान त्याला घरातही लपवावा लागतो.

आपल्या शहरांत यात जागेचा प्रश्नही मिसळतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत राहणाऱ्या मुलाकडे एकांत नाही. ज्याच्याकडे स्वतःचा फ्लॅट आहे, तो बोलावतो. खोली त्याची, पदार्थ त्याचा, नियमही त्याचेच. अशा ठिकाणी ‘नको’ म्हणण्याची ताकद दोघांची सारखी नसते. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाची संमती ही संमती नसते. पण तक्रार केली तर नशाही उघड होईल आणि ओळखही, म्हणून असे अत्याचार मनात दबून राहतात आणि पुढे झोप, विश्वास, जगण्याची इच्छा कुरतडत राहतात. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३७७ पूर्णच वगळले गेले. त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या बलात्कारासाठी आज स्वतंत्र कलम नाही. ही उणीव आपल्या वकील मित्रांनी उचलून धरली पाहिजे.

एकाच खोलीत दोन्ही प्रश्न

लंडनमधल्या सोहो भागात ‘५६ डीन स्ट्रीट’ हे लैंगिक आरोग्याचे सरकारी केंद्र आहे. तिथे एक साधी अडचण लक्षात आली. व्यसनमुक्तीच्या केंद्रात गेलेला माणूस पदार्थाबद्दल बोलायचा, पण संबंधांबद्दल बोलायला लाजायचा. लैंगिक आजाराच्या दवाखान्यात गेलेला संबंधांबद्दल बोलायचा आणि नशा लपवायचा. दोन्हीकडे अर्धाच माणूस पोहोचत होता. तिथे डेव्हिड स्टुअर्ट या कार्यकर्त्याने केमसेक्ससाठी खास सल्लासेवा उभी केली. ते स्वतः या अनुभवातून गेलेले होते. ‘केमसेक्स’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. २०२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा गाभा असा की, एचआयव्हीची चाचणी करायला आलेल्या माणसाला त्याच खोलीत, त्याच सुरात नशेबद्दलही विचारायचे आणि ‘पुढच्या शनिवारी काय करणार?’ इतके जवळचे उद्दिष्ट ठरवायचे.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचे काम मोठे आहे. पण त्याची घडण मुख्यतः दारूभोवती आणि लग्नाच्या संसाराभोवती झाली आहे. बायकोला बोलवा, कुटुंबासमोर कबूल करा, ही पद्धत ज्याने घरी आपली ओळखच सांगितलेली नाही त्याच्या काय कामाची? दुसरीकडे मुंबईत १९९४ साली सुरू झालेल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनी समलिंगी पुरुषांच्या आरोग्यावर दीर्घकाळ काम केले आहे. या दोन प्रवाहांनी एकत्र बसणे ही आजची गरज आहे.

या विषयावर उघडपणे बोलणे आपल्या परंपरेबाहेरचे नाही. लैंगिक प्रश्नांना, त्यात समलिंगी संबंधांबद्दलच्याही प्रश्नांना उत्तरे छापल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. खटला हरला, पण बाजू त्यांनी घेतली.

हक्क माहीत करून घ्या

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार लैंगिक कलाच्या आधारे उपचारात भेदभाव करता येत नाही. ‘समलैंगिकता बरी करतो’ असे म्हणून उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून शासनमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात.

सोबत कशी करायची?

कोणी बेशुद्ध पडला असेल, हलवूनही उठत नसेल, श्वास मंद असेल, तर त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका आणि १०८ ला फोन करा. काय घेतले आहे ते डॉक्टरांना खरे सांगा. असुरक्षित संबंध झाला असेल तर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितके बरे. मन खचले असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे.

आणि तो मित्र बोलू लागला तर ‘कधीपासून?’, ‘कोणाबरोबर?’ ही उलटतपासणी नको. ‘झोप लागते का? जेवलास का? जीव द्यावा असे मनात येते का?’ हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसरा प्रश्न विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट, तो मनात असलेल्याला सांगायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला त्या रात्री एकटा राहू देऊ नका, आणि सकाळी दवाखान्यात त्याच्याबरोबर जा. त्याची ओळख आणि त्याची गोष्ट मात्र त्याच्या परवानगीशिवाय संघटनेत, घरी, कोणालाही सांगू नका.