पिस्तूल जुनं झालं की ट्रिगर जड का होतो? आणि तो घरी 'हलका' करणं महागात का पडू शकतं?

टोकियो ऑलिम्पिक, २५ जुलै २०२१. १० मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी सुरू होती. मनू भाकरने १६ शॉट मारले आणि तिच्या पिस्तुलात बिघाड झाला. दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि उरलेले ४४ शॉट तिला घाईत मारावे लागले. ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली. अंतिम फेरी अवघ्या २ गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक जिंकलं.

तिच्या पिस्तुलाचा बिघाड वेगळा होता. पण नेमबाजीत एखादा छोटा सुटा भाग सगळी मेहनत कशी पाण्यात घालवू शकतो, हे तेव्हा देशाने पाहिलं. नवख्या खेळाडूंना जास्त छळणारी तक्रार असते ती जड ट्रिगरची, विशेषतः सेकंड-हँड पिस्तूल घेतलं असेल तर.

ट्रिगरचं 'वजन' म्हणजे काय?

शॉट सुटण्यासाठी ट्रिगरवर जितका जोर लावावा लागतो, त्याला ट्रिगरचं वजन म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ते किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. म्हणजे अर्धा लिटर पाण्याचा भार. २५ मीटर पिस्तूलमध्ये ही मर्यादा १००० ग्रॅम आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सुवर्णपदक जिंकलं, ते याच २५ मीटर प्रकारात.

तपासणीही सोपी असते. नळी उभी धरतात, ट्रिगरला ठरावीक वजन अडकवतात आणि ते जमिनीवरून उचलतात. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास.

थोडा जड असला तर काय बिघडतं?

१० मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर रुंद असतं. समजा, पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे. जास्त जोर लावताना मनगट हललं आणि पुढची साईट १ मिलिमीटर सरकली, तर टार्गेटवर शॉट सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जातो. मधोमध धरलेला १० चा शॉट थेट ६ वर!

झिजलं तर ट्रिगर हलका व्हायला हवा ना?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. ट्रिगर ओढला की आतला 'सिअर' नावाचा छोटा खटका सरकतो आणि रोखून धरलेला हॅमर किंवा स्ट्रायकर सुटतो. किती जोर लागणार, हे स्प्रिंगचा ताण, दोन पृष्ठभागांमधलं घर्षण आणि ते एकमेकांत किती अडकले आहेत, यावर ठरतं.

स्प्रिंग जुनी झाली की सहसा ढिली पडते. त्यामुळे जुन्या पिस्तुलाचा ट्रिगर जड झाला, तर संशय आधी घर्षणावर घ्यायचा. नेहमीची कारणं अशी:

• सुकून चिकट झालेलं तेल आणि त्यात अडकलेली धूळ
• गंज. वरसाव्यासारख्या वसईच्या खाडीला लागून असलेल्या भागात पावसाळ्यातली दमट, खारी हवा लोखंडाला सोडत नाही
• वाकलेली पिन किंवा सिअरच्या कडेवर उठलेली धातूची बारीक कूस
• आधीच्या मालकाने बसवलेली चुकीची, जास्त ताणाची स्प्रिंग
• ग्रिप नीट न बसल्यामुळे ट्रिगरच्या भागाला घासणं

काही वेळा बिघाड नसतोच. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रिगरच हॅमर मागे खेचतो, त्यामुळे तो मुळातच जड असतो. हॅमर हाताने मागे ओढून बघितलं की फरक लगेच कळतो.

मग घरी काय करायचं?

एअर पिस्तूल असेल तर आधी ते रिकामं असल्याची खात्री करा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मग वजन अडकवून ट्रिगर मोजा, 'जड वाटतो' यावर विसंबू नका. ग्रिप काढून पुन्हा मोजा. फरक पडला तर दोष ग्रिपचा. बाहेरून साफसफाई करा आणि मॅन्युअलमध्ये दिलेले अ‍ॅडजस्टमेंट स्क्रूच तेवढे फिरवा, तेही थोडे थोडे. तरीही फरक नसेल तर कोच किंवा रेंजवरच्या आर्मररला दाखवा.

व्हिडिओ बघून सिअर घासणं किंवा स्प्रिंग कापणं मात्र टाळा. सिअरची कड गोल झाली की ट्रिगर हलका होतो, हे खरं. पण मग पिस्तूल खाली पडल्यावर किंवा नुसत्या धक्क्यानेही शॉट सुटू शकतो. घासलेला धातू परत येत नाही.

कायदा काय सांगतो?

परवान्याच्या पिस्तुलाबाबत प्रश्न फक्त सुरक्षेचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकांची दुरुस्ती किंवा बदल करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे ओळखीच्या लेथवाल्याकडे पिस्तूल नेलं, तर तोही अडचणीत येतो. काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं. मिरा-भाईंदरसाठी २०२० पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार हे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. परवान्याविषयीची शंका तिथेच विचारायची.

म्हणजे जड ट्रिगर वाईटच?

तसंही नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी चुकून गोळी सुटू नये म्हणून अनेक वर्षं मुद्दाम सुमारे साडेपाच किलोचा ट्रिगर ठेवला होता. २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळ एका हल्लेखोरावर पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांनी ९ वाटसरू जखमी झाले, तेव्हा याच जड ट्रिगरवर टीका झाली. फार जड ट्रिगर नेम चुकवतो, फार हलका नको तेव्हा सुटतो.

त्यामुळे सेकंड-हँड पिस्तूल घेताना रंग आणि किंमत बघण्याआधी विक्रेत्यासमोरच ट्रिगर मोजून घ्या. मर्यादेपेक्षा फार जड निघाला तर कारण विचारा. आणि फारच हलका निघाला, तर आधी कुणी आत हात घातला होता, हे नक्की विचारा.