रेंज गेल्यावर काय होतं?

संस्थेसाठी चॅटची व्यवस्था निवडायची म्हटलं की लोक आधी स्क्रीन बघतात. रंग कसे आहेत, इमोजी किती आहेत, फाईल पटकन जाते का. माझ्या मते खरी निवड स्क्रीनमागे होते. हातातलं ॲप आणि दूरचा सर्व्हर एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलतात, ते नियम जाहीरपणे लिहून ठेवलेत का, आणि ते वाचून तिसऱ्याच कुणाला स्वतःचं ॲप किंवा सर्व्हर उभा करता येतो का, हे आधी विचारायला हवं. या नियमांनाच प्रोटोकॉल म्हणतात.

आमचा गट सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो. माणसं पुण्यात, नागपुरात, पणजीत, काहीजण जर्मनीत. दिवसभर एकेका शब्दावर चर्चा चालते, आणि ती चर्चा जपणं शब्दसूचीइतकंच गरजेचं असतं. एखादा पर्याय का नाकारला हे नव्या भाषांतरकाराला कळलं नाही, तर तोच वाद पहिल्यापासून सुरू होतो. आधी आम्ही ज्या ॲपवर होतो त्याच्या कंपनीने एके दिवशी फुकट खात्यांचे जुने मेसेज झाकून टाकले. मजकूर आमचाच, पण पैसे भरल्याशिवाय दिसेना. तेव्हाच ठरलं की आता जायचं ते खुल्या प्रोटोकॉलवर.

पहिलं नाव आलं आयआरसीचं. फिनलंडच्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये ते सुरू केलं, आणि जगभरातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या गप्पा कित्येक वर्षं त्यावरच चालल्या. इतकं साधं की टर्मिनलमध्ये हाताने ओळी टाईप करूनही बोलता येतं. पण मूळ नियमांत एका ओळीची मर्यादा ५१२ बाइटची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ हा एक शब्द तीस बाइट खातो, कारण काने आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता वजा जाता मराठीसाठी जेमतेम दीडशे चिन्हं उरतात. क्लायंटने, म्हणजे वापरणाऱ्याच्या हातातल्या ॲपने, काळजी घेतली नाही तर ओळ अक्षराच्या मधोमध तुटते आणि समोरच्याला चौकोन दिसतो. शिवाय तुम्ही जोडलेले नसताना झालेलं बोलणं मूळ आयआरसी तुमच्यासाठी ठेवत नाही. त्यासाठी कायम चालू राहणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. शब्दांवर चर्चा करणाऱ्या मराठी गटाला हे परवडणारं नव्हतं.

दुसरं एक्सएमपीपी. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जॅबर नावाने ते लोकांपुढे आणलं आणि २००४ मध्ये इंटरनेटच्या मानकांत त्याची नोंद झाली. सर्व्हर हलका, छोट्या भाड्याच्या मशीनवरही सुखाने चालतो. जुना इतिहास, तुटलेली जोडणी पुन्हा सांधणं, एकाच माणसाच्या फोन आणि लॅपटॉपवर मेसेज सारखे दिसणं, हे सगळं त्यात आहे. पण ते मूळ गाभ्यात नाही, स्वतंत्र विस्तारांत आहे. अशा विस्तारांचे दस्तऐवज चारशेच्या वर गेलेत. तुमच्या क्लायंटला एक विस्तार येतो, माझ्याला येत नाही, आणि मग ‘मला तर दिसतोय मेसेज’ यावरून वाद. जाणकार माणूस हे नीट जुळवून घेतो. आमच्या गटात ते काम सतत करणारं कुणी नव्हतं.

तिसरं मॅट्रिक्स, २०१४ चं. इथे मात्र आम्ही वैशिष्ट्यांची यादी बाजूला ठेवली आणि पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या सहकाऱ्याला रेल्वेत बसून मेसेज पाठवायला सांगितलं. लोणावळ्याच्या पुढे घाटातले बोगदे लागतात आणि रेंज येते-जाते. मी सर्व्हरचा लॉग उघडून बसलो होतो.

नेमका पेच असा की मेसेज सर्व्हरपर्यंत पोचतो, पण ‘मिळाला’ हे उत्तर येण्याआधी गाडी बोगद्यात शिरते. ॲपला वाटतं, गेलाच नाही. मग ते पुन्हा पाठवतं आणि मेसेज डबल जातो. मॅट्रिक्समध्ये ॲप प्रत्येक मेसेजला स्वतःचा एक क्रमांक देतं आणि तो क्रमांक विनंतीच्या पत्त्यातच शेवटी असतो. लॉगमध्ये मला एकाच पत्त्याच्या दोन ओळी दिसल्या, मध्ये काही सेकंदांचं अंतर, दोन्ही यशस्वी. खोलीत (मॅट्रिक्समध्ये गटाच्या चर्चेच्या जागेला खोली म्हणतात) मेसेज मात्र एकच. हा क्रमांक आधी येऊन गेलाय हे ओळखून सर्व्हरने दुसऱ्या वेळी पहिल्याच मेसेजची ओळख परत दिली होती.

येणाऱ्या मेसेजांचंही तसंच. प्रत्येक वेळी नवं काही देताना सर्व्हर एक टोकन देतो, पुस्तकात ठेवलेल्या खुणेसारखं. रेंज आली की ॲप ते टोकन दाखवून ‘यापुढचं द्या’ म्हणतं. मधल्या काळात फारच बोलणं झालं असेल तर सर्व्हर सगळं ओतत नाही. शेवटचे थोडे मेसेज देतो, मध्ये खंड आहे असं स्पष्ट कळवतो आणि मागे जायचा रस्ताही देतो. सहकारी कर्जतला बाहेर आला तेव्हा त्याच्या फोनवर चर्चा अशीच सांधली गेली. हे सगळं साध्या एचटीटीपी आणि जेसनमधून चालतं, त्यामुळे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. नियम गाभ्यातच असल्याने प्रत्येक क्लायंटला ते पाळावे लागतात. माझा निर्णय तिथेच झाला.

किंमतही मोजावी लागते. सिनॅप्स हा सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर मेमरी भरपूर खातो, विशेषतः दुसऱ्या सर्व्हरवरच्या मोठ्या खोल्यांत शिरलं की. नव्या फोनवर पहिलं सिंक रेंगाळतं. कूटबद्ध खोलीत मजकूर उलगडणाऱ्या किल्ल्यांचा बॅकअप न घेता फोन बदलला तर जुने मेसेज उघडत नाहीत. म्हणून सार्वजनिक चर्चेच्या खोल्या आम्ही मुद्दाम कूटबद्ध केल्या नाहीत. तरी मॅट्रिक्स निवडणारे आम्ही एकटे नाही. मोझिलानेही २०१९ च्या अखेरीस आयआरसी सोडून मॅट्रिक्सकडे जायचं जाहीर केलं, आणि फ्रान्स सरकारचं कर्मचाऱ्यांसाठीचं त्शाप हे ॲप त्यावरच उभं आहे.

पण प्रोटोकॉल खुला आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. गूगल टॉक २००५ मध्ये एक्सएमपीपीवर सुरू झालं, पुढे बाहेरच्या सर्व्हरशीही बोलू लागलं, आणि २०१३ मध्ये त्याच्या जागी आलेल्या हँगआउट्समध्ये ती सोय राहिली नाही. म्हणून तुमच्या संस्थेसाठी व्यवस्था निवडताना विकणाऱ्याकडे तीन गोष्टी मागा: प्रोटोकॉलचा जाहीर दस्तऐवज, त्यावर चालणारं दुसऱ्याच कुणी लिहिलेलं क्लायंट, आणि आपला सगळा मजकूर घेऊन बाहेर पडायची सोय. तिन्ही मिळाल्या की मग कुणाला तरी घाटातून पाठवा.